धडा नीट वाचलेला माणूस

खरं सांगा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलची तुम्हाला भीती वाटते का?

नाही ना? आमच्या पेडणेकर सरांना वाटायची. आणि सायकल त्यांची स्वतःचीच होती.

सर सोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगांत राहायचे आणि आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळा निर्मळच्या पुढे, भुईगावकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर. सर रोज सायकल घेऊन यायचे, पण तिच्यावर बसून आलेले कुणी पाहिले नव्हते. हँडल धरून तिच्या शेजारून चालत यायचे, कॅरियरला पिशवी बांधलेली. शाळेत पोचले की सायकल भिंतीला लावायची, चाकाखाली वीट सरकवायची, मागे होऊन तिच्याकडे संशयाने बघत राहायचं. मग पुढे जाऊन वीट अजून थोडी सरकवायची.

फुलांच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका त्यांना छेडायच्या. "काय सर, सायकलीला दवाखान्यात नेताय का?"

"नाही हो. शाळेत नेतोय तिला. ती माझ्यापेक्षा कमी घाबरते."

"अहो, मग बसा की तिच्यावर!"

"बसणं सोपं आहे. सुरू झालेली वस्तू आपणहून थांबत नाही. मग थांबवणार कोण?"

'थांबवणार कोण?' हे सरांचं पालुपद. घरंगळणाऱ्या खडूला, उतारावरच्या हातगाडीला, वर्गात धावत शिरणाऱ्या मेल्विनला, सगळ्यांना हाच एक प्रश्न. पोरांनी त्यांचं नाव 'ब्रेक सर' ठेवलं होतं. आपल्याला काय म्हणतात ते सरांना ठाऊक होतं. "नाव चांगलं आहे," असं म्हणायचे. "पण वेळेवर लागला तर उपयोग."

आमच्या गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळ. सर कुठल्याही नारळाखालून जात नसत. एक झाड डावीकडून, दुसरं उजवीकडून, तिसऱ्याला लांब वळसा, अशी त्यांची चाल असायची. गावात नव्याने आलेल्या एका सुनेने सासूला विचारलं होतं, "हे मास्तर सकाळी सकाळीच घेतात का हो?" एकदा एसटीत चढून त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कंडक्टरला विचारलं, "अचानक ब्रेक मारणार आहेत का?" कंडक्टर म्हणाला, "सांगून मारला तर अचानक कसा होईल, मास्तर?" सर पुढच्या थांब्यावर उतरले आणि उरलेला रस्ता चालत आले.

इतर शाळांत सोमवारी नखं तपासतात. सर आमच्या चपला तपासायचे. ओळीने उभं करायचे, एकेक चप्पल उलटी धरायला लावायचे आणि तळ पाहायचे. खरखरीत तळ असला की मान हलवायचे. गुळगुळीत झालेला असला की चेहरा पडायचा. "घर्षण संपलं," असं हळू आवाजात म्हणायचे, कुणी वारल्यासारखं. मग त्या मुलाच्या घरी निरोप जायचा. मेल्विनच्या वडिलांनी केळीच्या बागेतून ओरडून विचारलं होतं, "सर, पोरगा अभ्यासात कच्चा आहे ते सांगत नाही, चपलेचं काय सांगताय?"

"कच्चा आहे तो उद्या पक्का होईल," सर म्हणाले. "घसरला तर?"

लोक त्यांच्या भीतीला कारण शोधायचे. लहानपणी अपघात पाहिला असेल, भाऊ गेला असेल, असं काहीबाही. मी एकदा सरळ विचारलं. सर गोंधळले. "काही झालं नाही गं. मी फक्त धडा नीट वाचला."

मला हे उत्तर आवडलं नाही. मी तेव्हा सातवीत होते. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या विहिरींचं पाणी टँकरमध्ये भरून शहरातल्या बिल्डिंगांना विकलं जात होतं, आणि माझे बाबा त्याविरुद्ध पत्रकं काढायचे. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. बाराखडी संपल्यावर मी थेट 'बंधुभगिनींनो, जागे व्हा' वाचायला घेतलं. त्यामुळे भित्र्या माणसांबद्दल माझं मत फार वाईट होतं. सहामाहीत गतीचा पहिला नियम आला तेव्हा मी लिहिलं: 'बाहेरून जोर लावल्याशिवाय कोणतीही वस्तू आपली स्थिती बदलत नाही. म्हणून उठा आणि जोर लावा!' सरांनी पूर्ण गुण दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'उत्तर बरोबर. उठा हे नियमात नाही.'

पण सर ज्या एका गोष्टीला सगळ्यात जास्त भ्यायचे, तिला भ्यायला मीही पुढे शिकले. ती गोष्ट म्हणजे अर्धा भरलेला टँकर.

आमचा रस्ता केवढा? एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला वाडीचं कुंपण, मध्ये एक टँकर गेला की दुसऱ्याने श्वास रोखायचा. शाळेच्या पुढे लगेच आंधळं वळण. टँकर यायचा तो आधी कानाला कळायचा, मग पायाखालच्या मातीला. मुली भिंतीला पाठ लावून दप्तर छातीशी धरायच्या. टँकर गेल्यावर भिंतीवरून ओघळलेलं पाणी आणि डिझेलचा वास मागे राहायचा, आणि आम्ही एकमेकींकडे बघून उगाच हसायचो.

सर वर्गात शिकवता शिकवता थांबायचे. कान द्यायचे. "भरलेला," म्हणायचे आणि फळ्याकडे वळायचे. "रिकामा," म्हणायचे आणि पुढे शिकवायचे. कधी मात्र रस्त्यावरून डबडब असा आवाज यायचा, पोटात पाणी हिंदकळल्यासारखा. तेव्हा सर काहीच बोलायचे नाहीत. खडू खाली ठेवून तो आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत उभे राहायचे. उन्हाळा चढला की हा आवाज वाढायचा, कारण विहिरी तळाला जायच्या, पंप हवा ओढायला लागायचा आणि टँकर अर्धेच भरून निघायचे.

एक दिवस सरांनी मेल्विनच्या घरून केळी वाहायची हातगाडी आणली. तिच्यावर मोठं पातेलं ठेवलं, काठोकाठ भरलं आणि घट्ट झाकण बांधलं. "ढकला." आम्ही ढकलली. "थांबवा." थांबवली. काहीच झालं नाही. मग अर्धं पाणी काढून टाकलं आणि झाकणही काढलं. "ढकला. थांबवा." गाडी थांबली आणि पाणी उसळून पुढच्या मुलांच्या अंगावर. सगळे खिदळले. सर हसले नाहीत.

"गाडी कुणी थांबवली?"

"आम्ही!"

"पाणी कुणी थांबवलं?"

सगळे एकमेकांच्या ओल्या कपड्यांकडे बघायला लागले.

"पातेल्याच्या भिंतीने. म्हणजे पाण्याने पातेल्याला ढकललं. पातेलं आता पाण्याच्या धक्क्याने पुढे जायला बघतंय. तुमच्या हातांना कळलं का?" कळलं होतं. थांबलेली गाडी मागाहून एकदा पुढे ओढली गेली होती. "लक्षात ठेवा. गाडी थांबली म्हणून पुढे यायचं नाही. पाणी थांबलं का, ते पाहायचं."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मला नीट दिसायला लागलं. सर आम्हाला वळणापर्यंत पोचवायला यायचे. सायकल रस्त्याच्या बाजूला धरायचे. मला वाटायचं, बघा, सायकलीच्या आडोशाने चालतात. पण भिंतीपासून मोजत गेलं तर आधी भिंत, मग आम्ही, मग सर, मग सायकल. वर्षभर ते आमच्यासाठी एक चालतं कुंपण घेऊन येत होते, आणि सायकलीला त्यासाठीच सांभाळत होते.

एप्रिल आला. गावाच्या विहिरींनी तळ दाखवला. बाबा आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं की आता पत्रकं पुरे, टँकर अडवायचा. वळणाच्या पलीकडे, जिथे शेवटपर्यंत काही दिसत नाही, तिथे केळीचे खांब आडवे टाकायचे. टँकर अडकला की त्याला घेराव घालायचा. वेळ ठरली शाळा सुटायची, म्हणजे रस्त्यावर लोक असतील.

आदल्या संध्याकाळी पेडणेकर सर आमच्या अंगणात आले. पहिल्यांदाच. नारळ चुकवत आले आणि ओटीवर बसलेल्या बाबांसमोर उभे राहिले.

"खांब शाळेच्याही अलीकडे, सरळ रस्त्यावर टाका," सर म्हणाले. "लांबून दिसतील असे."

"लांबून दिसलं तर तो मागे फिरेल, दुसऱ्या वाटेने जाईल. आंदोलन आहे सर, सत्यनारायणाचं आमंत्रण नाही."

"तो ब्रेक मारेल. गाडी थांबेल. पाणी थांबणार नाही. आणि त्याच वेळी पोरं बाहेर पडतात."

बाबा उठले. आवाज चढला नाही, पण मला तो पत्रकातला आवाज ओळखू आला. "सर, तुमच्या बिल्डिंगला पाणी कुठून येतं?"

"टँकरने."

"कुठल्या विहिरीचं?"

सरांनी खाली पाहिलं. "इथलंच."

आई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"मग तुम्हाला टँकर थांबायला नकोच असणार," बाबा म्हणाले.

"थांबायला हवाय." सरांनी मान वर केली. "एकदम थांबायला नकोय."

"भीती वाटत असेल तर उद्या पोरांना शाळेतच ठेवा. आणि तुम्हीही थांबा."

सर चहा न घेता वळले. पायरीवर मात्र वाकले, बाबांची चप्पल उचलून उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला. "या घालू नका उद्या. पळावं लागलं तर घसराल." मला त्या क्षणी सरांची दया आली आणि बाबांचा राग आला, आणि दोन्ही गोष्टी मला पत्रकात शिकवलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. सरांच्या सांगण्यावरून मुख्याध्यापकांनी फाटक बंद ठेवायचं कबूल केलं होतं. पण घंटा झाली, बाहेरून घोषणा ऐकू आल्या, आणि फाटकाला लोंबकळणाऱ्या पोरांपुढे शिपायाचं काही चालेना. फाटक उघडलं. पोरं रस्त्यावर सांडली. मी पुढेच होते. बाबांची माणसं वळणापलीकडे होती, ती दिसत नव्हती. मी दुसऱ्या बाजूला, टँकर यायचे तिकडे, पाहिलं.

शाळेच्या बऱ्याच अलीकडे, सरळ रस्त्याच्या मधोमध, सरांनी सायकल आडवी टाकली होती. स्वतः तिच्या मागे उभे होते. हात वर केलेले. वारा पडला होता, तरी त्यांच्या पँटचे पाय हलत होते.

मग मातीला कळलं. मग कानाला. डबडब.

माझ्या शेजारी मेल्विन पुटपुटत होता, "सर, बाजूला व्हा ना, सर, बाजूला व्हा ना." टँकर वाडीच्या कुंपणाआडून निघाला. हॉर्न वाजला. सर हलले नाहीत. पुन्हा हॉर्न. मग ब्रेकचा चिरका आवाज, आधी थोडा, मग जास्त, मग रस्त्याला घासणारी चाकं, आणि टँकर सायकलीच्या जेमतेम पलीकडे येऊन उभा राहिला.

आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. काही जण पुढे धावले.

"थांबा!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. आणि ते स्वतः भराभरा मागे सरकले.

टँकरच्या पोटात धब्ब असा आवाज झाला. उभा टँकर आपल्याआपण पुढे सरकला, जसा कुणी मागून दांडगाईने ढकलावा, आणि त्याचं चाक सायकलीवर चढलं. सायकल दुमडली. मग तो खरोखर थांबला.

वळणापलीकडून बाबा आणि त्यांची माणसं धावत आली. बाबांनी दुमडलेली सायकल पाहिली, रस्त्यावरचा चाकांचा काळा ओरखडा पाहिला, मग मागे वळून शाळेचं फाटक आणि त्याच्यापुढचं वळण पाहिलं. ते मनातल्या मनात अंतर मोजत होते. त्यांच्या पायात आईच्या चपला होत्या, खरखरीत तळाच्या.

ड्रायव्हर खाली उतरला. पोरगेलाच होता, मंगळवेढ्याकडचा. सगळ्यांना वाटलं आता हा सरांच्या अंगावर जाईल. तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. "मारून टाकलं असतं की ओ मी तुम्हाला, सर."

सर त्याच्या शेजारी बसले. "एवढ्या जोरात का आणतोस रे?"

"फोन येत्यात की. मालकाला फोन, मग मालक माझ्या मानेवर. बाया बादल्या घेऊन जिन्यात बसल्यात, लवकर आण म्हणत्यात. मी काय करू?"

"कुठल्या बिल्डिंगच्या?"

त्याने नाव सांगितलं. ते सरांच्याच बिल्डिंगचं होतं. बाबांनीही ते ऐकलं. टोमणा मारायला यापेक्षा चांगली जागा त्यांना आयुष्यात मिळाली नसती. पण वाकून त्यांनी सायकल चाकाखालून ओढून काढायला सुरुवात केली.

आंदोलन त्यानंतरही चाललं, पण दिसेल अशा जागी. टँकर काही बंद झाले नाहीत. मी शिकले, आता मीच पत्रकं लिहिते. सर निवृत्त झाले. परवा आमच्या सभेत त्यांनी बोलावं म्हणून विचारायला मी त्यांच्या घरी गेले.

जिन्यात बायका रिकाम्या बादल्या घेऊन बसल्या होत्या. "पेडणेकरांकडे?" एकीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सांगा त्यांना, म्हातारपणी तरी सुधरा म्हणावं."

"बाकी सगळ्या बिल्डिंगांना सकाळी नऊ-दहाला टँकर येतो," दुसरी म्हणाली. "आमच्याच नशिबी हा माणूस. पाण्याचं काम मागून घेतलंन आणि आता मेला फोनच करत नाही वेळेवर!"

सरांनी दार उघडलं. मला ओळखलं, आणि नजर आपसूक माझ्या चपलांकडे गेली. मी हसून तळ दाखवला. ते निवांत झाले. इतक्यात फोन वाजला.

"आत्ता नको निघू," सर फोनवर सांगत होते. "शाळा सुटतेय. पोरं घरी पोचू देत, मग नीघ. आणि अर्धा असेल तर अगदी सावकाश. नाही नाही, तुला कुणी बोलणार नाही. बोलणी मी खातो."

त्यांनी फोन ठेवला. मी विचारलं, "सर, हे कधीपासून?"

"सायकल गेली तेव्हापासून. म्हटलं, आपणच ढकलतोय त्याला. निदान आपल्या बिल्डिंगचा फोन तरी माझ्या हातात असावा."

"मग लोकांना कारण का सांगत नाही?"

"सांगितलं होतं ना. सोसायटीच्या सभेत टब नेऊन प्रयोग करून दाखवला."

"मग?"

"पाणी वाया घालवलं म्हणून नोटीस दिली."

मी खो खो हसले. सरही हसले, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. जिन्यात कुणीतरी मुद्दाम बादली आपटली. सरांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. दारावरून माणसं जात-येत होती, पण कुणीही आत डोकावत नव्हतं. इतकी वर्षं हे असंच चाललं असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सभेचं विचारून मी उठले. सरांनी हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला.

"घाई आहे का तुला? तो पोचला की खालून हॉर्न देतो. तोपर्यंत..." ते अडखळले. "तोपर्यंत मला एकट्याला बसवत नाही गं. तो रस्ता डोळ्यांसमोर येतो."

मी बसले. सर खिडकीकडे कान देऊन होते, हात गुडघ्यांवर घट्ट. बऱ्याच वेळाने खाली हॉर्न वाजला. जिन्यात बादल्यांचा एकच कल्लोळ उठला. सरांचे हात सैल पडले आणि मग त्यांनी मला चहाचं विचारलं.

वाचकहो, तुमच्या बिल्डिंगलाही टँकर येत असेल. उद्या त्याला उशीर झाला तर फोन उचलण्याआधी घड्याळ पाहा. शाळा सुटायची वेळ असेल, तर फोन खाली ठेवा. आणि तुमच्या जिन्यातल्या एखाद्या भित्र्या माणसाला सगळे नावं ठेवत असतील, तर त्याचं दार वाजवा, आणि टँकर येईपर्यंत त्याच्याजवळ जाऊन बसा.